पुढे डिस्क बसवली आणि ब्रेक उलट कमी लागतो: चूक चाकापाशी नाही, मास्टर सिलिंडरपाशी शोधा

प्रश्न थोडक्यात असा: १९६० च्या दशकातली गाडी, चारही चाकांना ड्रम, एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा पंप), बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्युमने पायाला मदत करणारा डबा) नाही. पुढे डिस्कचं किट बसवलं, मास्टर जुनाच ठेवला. आता पेडल दगडासारखं लागतं, पाय रोवून दाबलं तरी गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबते आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर पुढची चाकं तापून पकडायला लागतात. किट खराब आहे का?

बहुधा नाही. डिस्क, कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा), पॅड हे काम एका दिवसात होतं आणि डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. पण ड्रमवर चालणारी गाडी डिस्कवर आणणं म्हणजे पेडलपासून चाकापर्यंतचा दाब आणि ऑइलचं माप नव्याने जुळवणं. ते न जुळवता फक्त चाकापाशी बदल केला की नेमकी हीच दोन लक्षणं दिसतात. दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी कडक पेडलचं बघू. ड्रमला आतून दाबणाऱ्या दोन शूंपैकी पुढचा, म्हणजे लीडिंग शू, ड्रमच्या फिरण्याबरोबर ओढला जातो आणि पाचरीसारखा स्वतःच रुततो. पायाने दिलेल्या जोरात ड्रम आपला जोर घालतो. साध्या लीडिंग-ट्रेलिंग ड्रममध्ये सिलिंडरच्या जोराच्या दोन-अडीच पट घर्षण मिळतं. एक शू दुसऱ्याला ढकलतो त्या ड्युओ-सर्व्होमध्ये त्याहून बरंच जास्त. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. पॅडचा घर्षणगुणांक ०.४ धरला तर दोन्ही बाजू मिळून ०.८ पट, बस. ही तूट कॅलिपरचा मोठा पिस्टन भरून काढतो. ड्रममधला शू ढकलणारा व्हील सिलिंडर एक इंचाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५ चौ.सेंमी.च्या आसपास, ६० मिमीच्या कॅलिपर पिस्टनचं २८ च्या वर. पण त्या पिस्टनला पुरेसा दाब तर मिळायला हवा. डिस्कला जोरात ब्रेक मारताना लाइनमध्ये ९००-१००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब लागतो, आणि ड्रमसाठी बनवलेली जुनी मांडणी तिथपर्यंत सहज पोचत नाही.

हिशेब करून बघा. पेडलचं गुणोत्तर ६:१ आहे आणि ९५० पीएसआय हवा आहे. मास्टरचा बोअर (आतला व्यास) १ इंच असेल, म्हणजे क्षेत्रफळ ५.०७ चौ.सेंमी., तर पायाने सुमारे ५६ किलो जोर द्यावा लागतो. बोअर ७/८ इंच केला, ३.८८ चौ.सेंमी., तर तेच काम ४३ किलोत होतं. पेडल आणि गाडी तीच असताना फक्त बोअर लहान केल्यावर दाब ३१ टक्के वाढला. मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक ही समजूत नेमकी उलटी आहे, आणि ती गॅरेजमध्ये फार खोलवर बसलेली आहे. मोठा बोअर ऑइल जास्त ढकलतो, दाब कमी देतो.

याची किंमत पेडलच्या प्रवासात मोजावी लागते. लहान बोअरचा पिस्टन तेवढंच ऑइल ढकलायला ३१ टक्के जास्त पुढे जातो. म्हणून बूस्टर नसेल तर ७/८ किंवा १५/१६ आणि पेडल ६:१; बूस्टर असेल तर १ इंच आणि पेडल ४:१ च्या जवळपास, हा जोड सहसा जमतो. पेडलचं गुणोत्तर टेपने मोजता येतं: वरच्या पिनपासून पायाच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले त्याच पिनपासून पुशरॉडच्या (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या कांडीच्या) भोकापर्यंतचं अंतर. ३०० मिमी भागिले ५० मिमी म्हणजे ६:१. ६:१ च्या पेडलवर बूस्टर लावला तर बोट टेकवताच नाक रस्त्याला लागल्यासारखी गाडी थांबते, आणि ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे.

बूस्टर घ्यायचा तर आधी व्हॅक्युम गेज लावा. आयडलवर १८ इंच पाऱ्याच्या आसपास व्हॅक्युम नसेल तर बूस्टर अर्धवट काम करतो. पहिल्या दाबाला ब्रेक हलका, लागोपाठ दुसऱ्या-तिसऱ्याला दगड. तगडी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी) घातलेल्या इंजिनात हे हमखास होतं. तिथे व्हॅक्युम पंप लावा किंवा सरळ लहान बोअरवर बिनबूस्टरचं चालवा. हलक्या गाडीला बिनबूस्टरची डिस्क छान चालते. बूस्टरशिवाय डिस्क होतच नाही, हा आग्रह विक्रेत्यांचा आहे.

एक सर्किटचा मास्टर मात्र या निमित्ताने काढाच. कुठेही एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकं गेली. दोन सर्किटचा, म्हणजे टँडेम मास्टर घ्या आणि त्यातली मोठी टाकी पुढच्या डिस्कला द्या. पुढे-मागे कुठलं तोंड कुठल्या टाकीचं हे मेकप्रमाणे बदलतं, त्यामुळे अंदाज करू नका, टाकी बघून जोडा. टाकी मोठी का लागते? फ्लोटिंग कॅलिपरचे (एकाच बाजूला पिस्टन, पिनांवर सरकणारा) दोन्ही पॅड मिळून १८ मिमी झिजले तर ६० मिमीचा पिस्टन तेवढाच बाहेर येतो आणि त्याच्या मागे ५१ सीसी ऑइल जाऊन बसतं. दोन चाकांचे १०० सीसी. ड्रमच्या सर्किटची टाकी एवढी झीज गृहीत धरून बनवलेलीच नसते. पॅड अर्धे झिजले की ती कोरडी पडून हवा ओढते.

आता दुसरं लक्षण, चाकं तापून पकडणं. इथे दोन संशयित.

पहिला रेसिड्युअल व्हॉल्व्ह. ड्रमच्या मास्टरमध्ये, तोंडाच्या पितळी सीटखाली किंवा जुन्या एक सर्किटच्या मास्टरमध्ये बोअरच्या तळाशी, एक छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब अडवून ठेवतो. ड्रममध्ये ते हवंच: व्हील सिलिंडरच्या रबरी कपाच्या (सीलच्या) कडा फुगलेल्या राहतात, हवा आत शिरत नाही, आणि शूच्या स्प्रिंगा तो दाब सहज परतवतात. कॅलिपरला स्प्रिंगच नाही. तिथे पिस्टन मागे घेतो तो फक्त चौकोनी सीलचा पीळ, तोही मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा. १० पीएसआय असताना पॅड डिस्कवर घासत राहतात, तापतात, ऑइल तापतं, आणि मग सगळंच आवळत जातं. डिस्कच्या लाइनमध्ये हा व्हॉल्व्ह नको. फक्त मास्टर गाडीच्या फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर ऑइल मागे उतरू नये म्हणून २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. मागे ड्रम ठेवलेत तर मागच्या लाइनला १० चा राहू द्या.

दुसरा संशयित पुशरॉड, आणि हा जास्त लबाड आहे. मास्टरच्या बोअरमध्ये, विसावलेल्या कपाच्या कडेच्या जरासं पुढे, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. याला कॉम्पेन्सेटिंग पोर्ट म्हणतात. ब्रेक सोडलेला असताना लाइन याच भोकातून टाकीला जोडलेली असते; तापून फुगलेलं ऑइल इथूनच परत जातं. पुशरॉड एक-दीड मिलिमीटर जरी लांब असला तरी कप पुढे सरकून ते भोक झाकतो. थंड गाडीला काही कळत नाही. चार ब्रेक मारले, ऑइल तापलं, फुगलं, जायला जागा नाही; पेडल वर येतं, कडक होतं, आणि पुढची चाकं स्वतःहून आवळतात. गाडी उभी करून थंड होऊ दिली की पुन्हा सगळं ठीक, म्हणून मेकॅनिकला दाखवायला नेईपर्यंत दोष गायब. पुशरॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये अर्धा ते एक मिमी मोकळीक ठेवा. मोजायला प्लॅस्टिसिनची गोळी पिस्टनच्या खळग्यात ठेवून मास्टर बोल्टने आवळा, काढा, गोळीची उरलेली जाडी व्हर्नियरने मोजा. तसंच टाकीचं झाकण उघडून कुणाला तरी पेडल हळूच दाबायला सांगा: सुरुवातीच्या पाव इंचात टाकीत बारीक कारंजं उडालं तर पोर्ट उघडा आहे. डोळे लांब ठेवा, ते ऑइल डोळ्यात जाऊ देऊ नका.

यातलं नेमकं कोण, हे पाच मिनिटांत ठरवता येतं. चाकं पकडलेली असतानाच गाडी थांबवा, सपाटीवर मागच्या चाकांना उटी (अडकण) लावा, पुढची चाकं स्टँडवर घ्या. मास्टरचे दोन नट बूस्टरपासून किंवा फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून) दोन-तीन आटे सैल करा. चाक मोकळं झालं तर पुशरॉड लांब आहे. नाही झालं, तर मास्टरच्या तोंडाशी पुढच्या पाइपचं युनियन (जोडाचा नट) जरा सैल करा. ऑइलची पिचकारी येऊन चाक सुटलं तर दोष मास्टरच्या आत, रेसिड्युअल व्हॉल्व्ह किंवा बुजलेला पोर्ट. तरीही नाही सुटलं, तर कॅलिपरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. आता सुटलं तर होज आतून फुगून बंद झालाय, बाहेरून तो नवा दिसला तरी. निपल उघडूनही चाक जाम असेल तर कॅलिपरचाच पिस्टन किंवा सरकणाऱ्या पिना अडकल्यात. तुमच्या वर्णनावरून पहिल्या दोन पायऱ्यांतच उत्तर मिळेल, आणि जुना मास्टर तसाच ठेवला आहे म्हटल्यावर दुसऱ्या पायरीवर जास्त.

मास्टर बदलला की व्हॉल्व्हचा प्रश्न येतो. डिस्क-ड्रम गाडीत दोन वेगळी कामं आहेत. मीटरिंग व्हॉल्व्ह पुढच्या लाइनला असतो. मागचे शू स्प्रिंगा ओलांडून ड्रमला टेकेपर्यंत तो डिस्क क्षणभर थोपवतो. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मागच्या लाइनला. ठरावीक दाबानंतर मागचा दाब पुढच्याइतका वाढू देत नाही. कारखान्याच्या गाडीत दोन्ही एकाच पितळी ठोकळ्यात असतात. तुमच्या गाडीचं वजन, टायर आणि मागचे सिलिंडर त्या ठोकळ्याला माहीत नाहीत, म्हणून मागच्या लाइनला नॉबवाला अॅडजस्टेबल व्हॉल्व्ह बरा. पण दोन प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह एकामागे एक लावू नका. ठोकळ्यातला प्रपोर्शनिंग भाग आधी बाद करा.

चाकापाशी काय बघायचं तेही सांगतो, कारण तिथल्या चुका छोट्या असल्या तरी महाग पडतात.

सुट्या भागांचं किट घेण्याआधी त्याच मॉडेलला कारखान्याने पुढे कधी डिस्क दिली होती का ते शोधा. १९५३ मध्ये जॅग्वार सी-टाइप डिस्कवर ल मान्स जिंकली, १९५५ मध्ये सित्रोएन डीएसला त्या कारखान्यातून आल्या, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत बऱ्याच मॉडेलना डिस्क पर्याय म्हणून मिळू लागली. १९६५ च्या मस्टँगला केल्सी-हेसच्या चार पिस्टनच्या कॅलिपरची डिस्क हा पर्याय होता. तिथून स्टब अॅक्सल (ज्यावर हब फिरतो तो दांडा), हब, कॅलिपर असा पूर्ण संच उचलला तर भूमिती कारखान्याची राहते. वेगळ्याच गाडीचा नकल (स्टब अॅक्सल धरून चाक वळवणारा तुकडा) बसवला की स्टिअरिंग आर्मची उंची बदलते आणि खड्ड्यात चाक स्वतःहून वळायला लागतं.

बॅकप्लेट निघाली की स्टब अॅक्सल घासून स्वच्छ करा आणि मुळाशी, खांद्यापाशी, डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तडा तपासा. पन्नास-साठ वर्षं ड्रमचा भार घेतलेला तो तुकडा आता डिस्कचा घेणार आहे.

डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बोल्ट बसतात, होज बसतो, पण निपल खाली येतं. कितीही ब्लीड करा (ऑइलमधली हवा काढा), वरची हवा निघत नाही, आणि माणूस दोन लिटर ऑइल आणि एक नवा मास्टर वाया घालवतो. निपल नेहमी पिस्टनच्या वरच्या टोकाला.

ब्रॅकेटचे बोल्ट किटमधलेच, १०.९ ग्रेडचे, थ्रेडलॉकर लावून, टॉर्क पान्याने. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला फिक्स कॅलिपर डिस्कच्या बरोब्बर मध्ये यायला हवा. शिम (पातळ चकत्या) घालून मध्यावर आणा. फ्लोटिंग कॅलिपर स्वतः जागा शोधतो, पण त्याच्या पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा, बेअरिंगचं नाही. त्याने रबर फुगतं.

टेपर बेअरिंगला ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमध्ये दाबून भरा. नट हब फिरवत १५-२० न्यूटन-मीटरला आवळा, पूर्ण सैल करा, मग बोटांनी टेकवा आणि स्प्लिट पिन मागच्या खाचेत घाला. ड्रमला इथला ढिलेपणा खपतो, डिस्कला खपत नाही. सैल हब वळणावर डोलतो, डिस्क पॅडला आत ढकलते, आणि पुढच्या ब्रेकला पेडल खोल जातं. ६० मिमीचे दोन पिस्टन प्रत्येकी अर्धा मिमी मागे गेले तर २.८ सीसी ऑइल भरून काढावं लागतं. ७/८ च्या मास्टरवर आणि ६:१ च्या पेडलवर तो ४४ मिमी जास्तीचा प्रवास होतो. एकदा खोल आणि दुसऱ्या दाबाला बरोबर असं पेडल मिळालं तर हवा शोधत बसू नका, बेअरिंग बघा आणि डायल गेजने डिस्कचा रनआउट (फिरताना होणारं डोलणं) मोजा. ०.१ मिमीच्या आत हवा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड लावू नका.

चाक बसतं का हे किट घेण्याआधीच बघायचं. १४ इंची चाकात ११ इंची डिस्क बरेचदा कॅलिपरला घासते. कॅलिपर आणि रिम यांत ३ मिमी तरी फट हवी, आणि रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सची वजनं धरूनच. काही किट चाक बाहेर ढकलतात. पूर्ण वळवून, गाडी दाबून टायर मडगार्डला लागतो का बघा. स्टडचे आटे नटमध्ये निदान स्टडच्या व्यासाएवढे जायला हवेत.

होज पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चाक लोंबकळत आणि चाक वर दाबून, चारही स्थितींत तपासा. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. पाइप नवे करत असाल तर निकेलमिश्रित तांब्याचे घ्या; शुद्ध तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं. पाइपच्या टोकाच्या घड्या, म्हणजे ४५ अंशांचा डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, बसत नाहीत. कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या लाइनला नकोच.

ऑइल डॉट ४. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ नावाने जवळचं असलं तरी ते डॉट ४ च्याच कुळातलं. डॉट ४ रंग खातं, सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा.

मास्टर गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून, तोंडांच्या नळ्या परत टाकीत सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत हळू हळू पिस्टन दाबा. मग चाकं, सगळ्यात लांबच्यापासून जवळच्याकडे. पेडल खोल जात असेल तर त्याच्याशी भांडण्याआधी मागचे शू अॅडजस्ट करा. नव्या डिस्कच्या नावाने जी बोंब मारली जाते तिचं कारण अनेकदा मागच्या ड्रममधली दोन मिमी सैल जागा असते.

पॅड रोजच्या वापराचे घ्या. शर्यतीचे पॅड थंड असताना चावतच नाहीत. नवे पॅड डिस्कवर रुळवायला ५० च्या वेगावरून १० वर असे आठ-दहा मध्यम ब्रेक, मधे गार व्हायला अंतर, आणि तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही.

शेवटी मागच्या लाइनच्या अॅडजस्टेबल व्हॉल्व्हचा नॉब. मागचा दाब सगळ्यात कमी करून सुरुवात करा. मोकळी, कोरडी, सपाट जागा, वेग ४०, बाहेर उभा असलेला एक माणूस चाकांकडे बघायला. जोरात ब्रेक मारा. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. नॉब थोडा थोडा उघडत जा. मागचं चाक पुढच्याआधी लॉक झालं की गाडी फिरते, म्हणून तसं होताना दिसताच दोन आटे मागे घ्या आणि नॉब तिथेच लॉक करा. पाच माणसं आणि सामान भरून एकदा, एकट्याने एकदा तपासा. रिकाम्या गाडीचं सेटिंगच कायम ठेवा.

पाचशे किलोमीटरनंतर चाकाचे नट, ब्रॅकेटचे बोल्ट आणि टाकीतली पातळी पुन्हा बघा. काढलेले ड्रम, बॅकप्लेट आणि जुना मास्टर तेल लावून, डावं-उजवं लिहून ठेवा.